चिखलदऱ्याला उन्हाळ्यापुरतं घर घ्यायचं आहे, तीन जागा पाहून झाल्या, कोणती घ्यावी?

खारपाणपट्टा

नमस्कार मंडळी, आम्ही दर्यापूर तालुक्यातले, शेती आहे, सातबारा बाबांच्या आणि माझ्या नावानं. घरी आई, बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. बाबांचं वय ७४, त्यांना दमा आहे आणि उन्हाळा त्यांना दरवर्षी जड जातो. घर स्लॅबचं, एप्रिल लागला की स्लॅब अशी तापते की रात्री दोन वाजताही वरून झळ येत राहते, अंगणात बाज टाकावी तर मच्छर, आणि कूलर लावावा तर आमच्या भागातलं पाणी खारं, थोड्याच दिवसात कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो, पंप जाम होतो, मग दर हप्त्याला तेच काम. लाइन गेली की बाबा भिंतीला टेकून नुसते बसून असतात, ते पाहवत नाही.

म्हणून दोघांनी ठरवलं की चिखलदऱ्याकडे लहानसं काहीतरी घ्यायचं, एप्रिल-मे आईबाबा आणि पोरं तिकडे राहतील, मी पेरणीच्या तयारीसाठी जाऊन येऊन करीन. बाकी वर्षभर जमलं तर भाड्यानं देऊ. बजेट वीस लाखाच्या आत, त्यातलं काही तुरीच्या पैशाचं आणि काही सोसायटीत ठेवलेलं, कर्ज काढायचं नाही.

एका एजंटानं तीन जागा दाखवल्या. एक, परतवाड्यावरून घाटाकडे जाताना पायथ्याशी पाच गुंठ्याचा 'फार्महाऊस प्लॉट', सभोवती तारेचं कुंपण, गेट, समोर डोंगर, पाहायला एकदम झकास. सातबारा सामाईक राहील आणि आपल्या पाच गुंठ्याची नोटरी करून देऊ म्हणतो. दोन, खुद्द चिखलदऱ्यात जुनं घर, दगडाच्या भिंती, वर टिनं, दोन खोल्या आणि पडवी, पण जागा नझूलची, म्हणजे सरकारची पट्ट्यानं दिलेली, आहे असं बोलता बोलता निघालं. तीन, वर पठारावर एका गावाला लागून एक एकर वावर, भाव सगळ्यात कमी, मूळ मालक कोरकू आदिवासी आहे आणि मुख्त्यारपत्रावर व्यवहार करू म्हणतो. आम्ही जागा पाहिल्या त्या श्रावणात, सगळीकडे हिरवं आणि धुकं, घरच्यांना तर एक नंबरची जागा फारच आवडली. एजंट म्हणतो पोळ्याच्या आत इसार द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

जाणत्यांनी स्पष्ट सांगावं. कागदाचं पण आणि राहण्याचं पण.

दस्तवाला_परतवाडा

दादा, इसार देऊ नका, आधी हे पूर्ण वाचा. मी दस्त लिहायचंच काम करतो, ह्या पट्ट्यातले कागद रोज डोळ्याखालून जातात, म्हणून जरा लांब लिहितो.

तीन नंबरपासून सुरुवात करतो कारण ती जागा डोक्यातून काढूनच टाकायची आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे कलेक्टरची आधी मंजुरी लागते आणि विक्रीसाठी कलेक्टरलाही शासनाची मान्यता घ्यावी लागते. हे १९७४ पासून आहे. त्याशिवाय चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्र, तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना हक्क देणारा कायदा, लागू आहे, ग्रामसभेलाही ह्यात बोलायचा हक्क आहे. मुख्त्यारपत्र करून, सौदाचिठ्ठी करून, कोण्या तिसऱ्या आदिवासीच्या नावानं घेऊन ठेवून, कुठल्याही वाटेनं गेलात तरी ती जमीन तुमची होत नाही, तक्रार झाली की चौकशी लागते आणि जमीन मूळ मालकाला परत जाते, तुमचे पैसे कुठून वसूल करणार? आणि कायदा बाजूला ठेवला तरी सांगतो, मेळघाटात कोरकू घरांच्या हातून जमिनी अशाच निघत गेल्या, कोणी दवाखान्याच्या अडचणीत, कोणी लग्नात, थोडी रक्कम हातावर ठेवून अंगठा घेतला. ज्या भावात तो एजंट तुम्हाला एकर सांगतो त्यातला किती हिस्सा त्या माणसाच्या हातात पडणार आहे ते त्याला विचारून पाहा. आपण शेतकरी माणसं, दुसऱ्या शेतकऱ्याची जमीन अशी घेऊ नये.

आता एक नंबर. तुमच्या घरच्यांना आवडलेली जागा. पाच गुंठे म्हणजे तुकडा झाला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, सध्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याच्या खालचा शेतजमिनीचा तुकडा परवानगीशिवाय नोंदवूनच घेत नाहीत, म्हणून तर तो नोटरी म्हणतो. नोटरीनं मालकी येत नसते. शंभर रुपयाच्या वर किमतीच्या स्थावराची विक्री रजिस्ट्री झाल्याशिवाय विक्रीच नाही. तो म्हणेल शासनानं तुकडेबंदी शिथिल केली, होय, जुने तुकडे नियमित करायचे निर्णय झाले आहेत, पण ते कोणत्या झोनमधल्या आणि कोणत्या तारखेच्या आधीच्या व्यवहारांना लागू आहेत ते पाहावं लागतं, त्याच्या भरवशावर आज नवा तुकडा घेणं म्हणजे पैसा हवेत टांगणं. 'सामाईक सातबारा' म्हणजे काय ते पण समजून घ्या, एका गटात तुमच्यासारखी पंधरावीस नावं चढतील, किंवा चढणारही नाहीत, कोणाचे पाच गुंठे कुठे हे कागदावर कुठेच नसेल, एकानं बोजा चढवला की सगळ्यांच्या डोक्यावर. आणि 'फार्महाऊस' हा शब्द ऐकला की विचारायचं, बांधकामाची परवानगी कोणाची? नगरपालिकेच्या आसपासच्या आणि नियोजनाच्या हद्दीत ०.४० हेक्टरच्या खाली, म्हणजे एक एकराच्या आत, फार्म बिल्डिंगला परवानगीच नाही. गेट आणि तारेचं कुंपण हा कागद नव्हे.

दोन नंबर, नझूलचं घर, हे तेवढं वाईट नाही पण सोपंही नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून आधी आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. त्यात सत्ताप्रकाराचा रकाना असतो, पट्टा कोणाच्या नावानं, किती सालापर्यंत, नूतनीकरण झालं की नाही, शर्तभंग आहे का, हे सगळं तिथून कळतं. पट्ट्याची जागा विकायची तर परवानगी लागते आणि सरकारला नजराणा भरावा लागतो, तो कोण भरणार ते सौद्यात लिहून घ्या. नागपूर आणि अमरावती विभागातल्या रहिवासी नझूल पट्ट्यांसाठी शासनानं फ्रीहोल्ड, म्हणजे पट्ट्याची जागा पूर्ण मालकीची, करायची अभय योजना आणलेली आहे, मालकानं त्यात अर्ज केला का, केला असेल तर चलान दाखव म्हणा, मुदत कधीपर्यंत आहे ते नझूल शाखेत विचारा. त्यानं आधी फ्रीहोल्ड करून घ्यावं आणि मग तुम्ही रजिस्ट्री करावी, ह्या क्रमानं झालं तर ठीक. उलट्या क्रमानं नको. दुरुस्ती-बांधकामाचं विचाराल तर चिखलदऱ्याच्या अधिसूचित क्षेत्रात सिडको हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे, परवानगी तिथून. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या इको सेन्सिटिव्ह झोनची रेषा कुठून जाते तेही पाहून घ्या, नाहीतर घर घ्याल आणि खोली वाढवता येणार नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तुम्ही शेतकरी आहात. आपल्याकडे विदर्भाचा कूळकायदा वेगळा, १९५८ चा, त्याच्या कलम ८९ प्रमाणे बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, पुण्यामुंबईचे लोक इथे अडकतात, तुम्हाला ती अडचण नाही. म्हणजे २० गुंठ्याच्या वरचं, वर्ग-१ चं (म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागत नाही असं), बिगर आदिवासी मालकाचं वावर कुठे मिळालं तर रीतसर रजिस्ट्री होईल.

घाटवळण

मी चिखलदऱ्यातच लहानाचा मोठा झालो. वर कागदाचं सांगून झालं, मी राहण्याचं सांगतो.

पहिली गोष्ट, पायथा थंड नसतो. हे कोणीच सांगत नाही. चिखलदरा १११८ मीटर उंचीवर आहे, परतवाडा-अचलपूर साधारण पावणेचारशे मीटरच्या आसपास. हजार मीटर वर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशानं उतरतं असा ढोबळ हिशेब, म्हणजे वर आणि खाली फरक पाच अंशाच्या घरात. पण हा फरक घाट चढल्यावरच मिळतो. पायथ्याच्या प्लॉटवर मे महिन्यात तुमच्या गावाइतकंच ऊन आहे, उलट डोंगराचा खडक दिवसभर तापून संध्याकाळी झळ मारतो आणि तुमच्या बाबांना तिथे काहीच फायदा नाही. श्रावणात सगळंच चांगलं दिसतं भाऊ, बाभळीचं बनसुद्धा.

वर मात्र रात्र खरोखर वेगळी आहे. दुपारी इथेही ऊन लागतं, मे मध्ये पारा ३५ च्या वर जातो, पण सूर्य कलला की दरीकडून वारा सुटतो आणि पहाटे पांघरूण लागतं. म्हाताऱ्या माणसाला झोप लागते, हाच खरा फायदा.

दुसरी गोष्ट पाणी. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, आणि एप्रिल-मे मध्ये ह्याच तालुक्यातल्या कितीतरी गावांना टँकर लागतो. सगळा काळा पाषाण आहे, पाणी मुरत नाही, उतारावरून वाहून खाली जातं, खडकाच्या भेगेत लागलं तर बोअरला पाणी नाहीतर कोरडी धूळ. गावात नळ आहे पण उन्हाळ्यात रोज येईल ह्या भरवशावर राहू नका. तुम्ही नेमके उन्हाळ्यातच राहायला येणार आहात! म्हणून कोणतंही घर मे महिन्याच्या शेवटच्या हप्त्यात येऊन पाहा, शेजारच्या घरी जा, म्हणा माय, घोटभर पाणी द्या, आणि पाणी पिता पिता विचारा की नळ किती दिवसाआड येतो, टाकी किती लिटरची ठेवली, टँकर कितीला पडतो. शेजारीण जेवढं खरं सांगन तेवढं एजंट सांगत नाही. घरात जमिनीखाली टाकी असेल तर त्याला दोन खोल्यांइतकी किंमत द्या.

तिसरं, बंद घर. जून ते सप्टेंबर इथे धुकं घरात शिरतं, गाद्यांना बुरशी येते, कपाटातले कपडे कुबट होतात, दाराच्या चौकटी फुगतात, टिनाचे खिळे गंजून गळती लागते. वर्षातून दोन महिने उघडायचं घर दहा महिने कोण सांभाळणार ते आधी ठरवा. माकडं टिनावर उड्या मारतात, कवेलू म्हणजे कौलं असतील तर एकही जागेवर ठेवत नाहीत, मोहाच्या आणि आंब्याच्या दिवसात अस्वल वस्तीपर्यंत येतं, म्हणून अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर सोडायचं नाही, उष्टं-खरकटं आवारात टाकायचं नाही. भीती घालत नाही, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतोच आहे, पण माहीत असलं पाहिजे.

आणि बाबांचा दमा. उन्हाळ्यात इथली हवा त्यांना मानवेल, पण पहिला पाऊस पडून धुकं सुरू झालं की ओल त्यांना सोसणार नाही, तेव्हा त्यांना खाली न्या. मोठा दवाखाना म्हटलं की घाट उतरून अचलपूर, नाहीतर अमरावती. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, ते डोक्यात ठेवून इनहेलर, नेब्युलायझर, बॅटरी बॅकअप घरातच पाहिजे.

कवेलूवाला

राम राम भाऊ. म्या तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमाले खरी अडचण चिखलदऱ्याची नाही, तुमाले अडचण तुमच्या स्लॅबची आहे. वीस लाख रुपये लावून दोन महिने थंडे काढसान आन् बाकीचे दहा महिने? मार्च तापतेच, जून अर्धा तापते, ऑक्टोबर हिट अलग. अन् तुमच्या बुढ्याले घर सोडून दोन महिने करमन काय तिकडं? आमच्या बापाले नातेवाइकाच्या लग्नाले नेलं तरी दुसऱ्या दिवशी म्हणते वावरात चला.

मी घरबांधणीचं काम करतो, मिस्त्री आहो, अंजनगाव-दर्यापूर-अकोट ह्या भागात गंज घरं केले. जुने घरं काहून थंडे राहत होते? दीड-दोन फुटाच्या मातीच्या भिती, वर सागाचे फाटे, त्याच्यावर टट्टा, त्याच्यावर कवेलू. कवेलूच्या फटीतून तापलेली हवा वर निघून जाते अन् माती दिवसभराची तपन आत येऊ देत नाही. स्लॅब उलटी आहे, दिवसभर ऊन पेते आन् रातभर खाली सोडते. मंग करायचं काय, तं स्लॅबवर ऊन पडूच द्यायचं नाही. कूलर मोठा घेऊन काही होत नाही, आधी सावली.

होळी झाली की स्लॅब साफ धुऊन चुन्याचे दोन हात मारा, चुना रातभर भिजवून गाळून, त्यात थोडा फेविकॉल, म्हणजे पायाले लागत नाही आन् पहिल्या पावसानं धुपत नाही. पांढरी स्लॅब ऊन परत फेकते, हात लावून पाहा, फरक कळते. त्याच्यावर दोन-तीन फूट उंच लोखंडी पाइपाचा सांगाडा करून हिरवी जाळी ताना, चारही बाजूनं हवा खेळली पायजे. पहिले लोक पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यायचा) मांडव करत होते, तो लय थंडा पण आगीचं भेव, वायरिंग जवळ असन तं करू नका. पश्चिमेची भित सगळ्यात जास्त तापते, तिच्या भायेर चार-पाच फूट जागा सोडून टट्ट्याचं सपर काढा नाहीतर वेल चढवा, आन् आज कडूनिंब लावला तं पाच-सहा वर्षात पोरायच्या कामी येईन.

आता खाऱ्या पाण्याचं. कूलरले खारं पाणी वापरूच नका. पावसाचं पाणी धरा. हजार स्क्वेअर फुटाच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तं दोन हजार लिटरच्या वर पाणी उतरते, मंजे दोन-तीन चांगल्या पावसात पाच हजार लिटरची टाकी भरून जाते. पहिला पाऊस सोडून द्यायचा, त्याच्यात धूळ आन् चिमण्यायची घाण राहते, मंग पाइपाच्या तोंडाले रेती-गोट्याचा फिल्टर लावायचा. टाकी काळी पायजे, झाकण घट्ट, सावलीत. एका कूलरले दिवसाले पन्नास-साठ लिटर धरा, पाच हजार लिटरमधे एप्रिल-मे निघून जाते. गोडं पाणी असलं की गवतावर थर बसत नाही, पंप पण टिकते. पण बाबाले दमा आहे तं कूलर त्यायच्या अंगावर सोडू नका, खिडकीत लावून समोरची खिडकी उघडी ठेवा, आन् गवत दर वर्षी नवं, जुन्या गवताचा वास छातीले बाधते.

ह्या सगळ्याले वीस लाखातला लहानसा हिस्सा लागन. बाकीचे पैसे राहू द्या तुमच्यापाशी.

खारपाणपट्टा

मंडळी तुम्ही लोकांनी डोळेच उघडले. तीन नंबर आजच नाही म्हणून कळवलं. पायथ्याशी गारवा नसतो हे तर डोक्यातच आलं नव्हतं आमच्या, एजंट सारखं 'डोंगराची हवा, डोंगराची हवा' म्हणत होता. कवेलूवाले भाऊ, स्लॅबचं ह्या होळीला करतोच, टाकीचं पण, आणि आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते हे माणूस बरोबर बोलून राहिले.

पण एक विचारतो. पोरांनी वर जाऊन चार दिवस तरी राहावं, जंगल पाहावं हे मनात आहेच, आणि बाबांचा मे महिना तरी वर निघावा. विकत न घेता काही जमतं का? आणि साळा म्हणतो आपण दोघं मिळून एक एकर घेऊ, अर्धा अर्धा करू, ते कसं?

घाटाखालची_सून

दादा, आम्ही हेच करतो. माझे सासरे पण सत्तरीच्या पुढचे. दरवर्षी मे महिन्यात वर एका ओळखीच्या घराच्या दोन खोल्या महिनाभर भाड्यानं घेतो, घरमालकीण खालच्या खोलीत राहते, त्यामुळे घर बंद राहत नाही, ओलही येत नाही आणि पाण्याची काळजी तिची. लॉजवर महिनाभर राहणं परवडत नाही, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे पण ते दोन-तीन दिवसांसाठी ठीक. घरगुती खोल्या शोधायच्या तर फेब्रुवारीतच जाऊन ठरवा, परीक्षा संपल्या की काहीच मिळत नाही. स्वयंपाकाचा ओटा पाहा, संडास आत आहे की बाहेर ते पाहा, म्हाताऱ्यांसाठी पायऱ्या किती ते पाहा. चिखलदऱ्यात सगळी चढउतार आहे, पाहताना लक्षात येत नाही, पिशवी घेऊन चढताना येतं.

जाताना खालून ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तिखट, लोणचं घेऊन जा, वर सगळं मिळतं पण महाग. कुरडया-पापड वाळवायचे असतील तर खाली वाळवूनच न्या, वर माकडं एक शिल्लक ठेवत नाहीत. दूध-खवा मात्र तिथलाच घ्या, मोथ्याच्या गवळ्यांकडचा खवा आणि रबडी, पोरं दुसरं काही मागत नाहीत. आमझरीला मधाचं गाव केलं आहे, तिथला मध घ्या, मधपेट्या कशा ठेवतात तेही पोरांना पाहायला मिळतं. आणि कॉफीची झाडं दाखवा, आपल्या विदर्भात कॉफी होते हे पोरांना खरंच वाटत नाही, माझ्या मुलानं लाल फळ तोडून चाखलं आणि म्हणाला ही तर गोड आहे, कॉफीसारखी लागतच नाही.

म्हाताऱ्यांना सकाळी देवी पॉइंटकडे न्या, थंड असतं, थोडं उतरावं लागतं पण हात धरून होतं. गाविलगड त्यांना जमणार नाही, चालणं खूप आणि सावली कमी, तुम्ही पोरांना घेऊन सकाळी सात वाजताच जा, पाणी सोबत, दहाच्या आत परत. पोरं शाळेत १८०३ ची इंग्रज-मराठ्यांची लढाई वाचतात, ती ह्याच किल्ल्यावर झाली हे तिथे उभं राहून सांगितलं की वेगळं वाटतं. पंचबोलला जाऊन हाक मारायची, दऱ्यांतून आवाज परत येतो, माझे सासरे तिथे नातवासारखे ओरडतात. एखाद्या दिवशी सेमाडोहला जाऊन या, जंगल सफारीचं आधी ऑनलाइन पाहून जा, उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावरं दिसायची शक्यता जास्त असते. आणि खाली घरी परत आल्यावर आंब्याच्या सावलीत रोडग्यांचा कार्यक्रम ठेवा, वांग्याची भाजी आणि डाळ, म्हणजे आईंना पण उन्हाळा साजरा केल्यासारखं वाटेल.

विकत घ्यायचंच असेल तर असा एक-दोन मे महिना भाड्यानं राहून मग घ्या. कोणत्या आळीत पाणी येतं, कोणतं घर कोणाच्या वादात आहे, सगळं आपोआप कळतं.

दस्तवाला_परतवाडा

वहिनींचं बरोबर आहे, भाड्यानं राहून मग घ्या. एक महिन्याचं भाडं असलं तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवून घ्या, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ओळखीत लोक हे करत नाहीत, मग डिपॉझिटवरून तोंडं फिरतात.

साळ्यासोबत एक एकर, हे कागदानं जमेल. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्ध्याचे २० झाले, जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र काठावर बसतं. पण काठावर बसतं म्हणूनच आधी सरकारी मोजणी लावा, एक गुंठा जरी कमी भरला तर वाटणी अडते, आणि डोंगराच्या वावरात सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र पुष्कळदा जुळत नाही, पोटखराबा, म्हणजे पीक न येणारी जागा, किती आहे तेही पाहा. दोघांच्या नावापुढे हिस्सा रजिस्ट्रीतच लिहून घ्या. धुऱ्यावरून दोघांचं भांडण नको म्हणून रस्ता कुठून हे नकाशावर दाखवा, पांदण (वावरात जायची वाट) आहे का, असेल तर नकाशात आहे की नुसती वहिवाट आहे. रस्ता दुसऱ्याच्या वावरातून असेल आणि लेखी नसेल तर ते वावर घेऊ नका, मग भाव कितीही कमी असो. आणि हे घ्यायचं ते शेतीसाठी घ्या, उन्हाळ्याच्या घरासाठी नको. ते वर चिखलदरा तालुक्यात असेल तर मूळ मालकाच्या फेरफाराची साखळी मागपर्यंत पाहावी लागेल, मध्येच कुठे आदिवासी नाव आलं की थांबायचं.

इसाराच्या आधी कोणत्याही जागेचा डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा, १५ रुपये लागतात, एजंटानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला चालणार नाही. त्यात भोगवटादार वर्ग आणि इतर हक्काचा रकाना आधी वाचा. मग आठ-अ म्हणजे खातेउतारा, जुने फेरफार, आणि तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च वकिलाकडून. इसार द्यायचा तर चेकनं किंवा खात्यातून, मालकाच्या नावावर, एजंटाच्या नाही. आणि 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' असं म्हणाला की त्याला म्हणा, देऊन टाक.

खारपाणपट्टा

ठरलं मग. एक आणि तीन नंबर रद्द. फेब्रुवारीत वर जाऊन महिनाभराच्या खोल्या पाहतो, वहिनी तुम्ही कोणत्या भागात राहता ते मेसेजमध्ये सांगाल का, पाणी येणारा भाग पाहिजे. साळ्याला मोजणीचं सांगितलं, तो थोडा नाराज झाला पण ऐकेल. दोन नंबरचं जुनं घर मात्र मनातून जात नाही, दगडाच्या भिंती दीड हाताच्या आहेत, पडवीतून दरी दिसते आणि बाबा तिथल्या पायरीवर बसले ते उठायलाच तयार नव्हते. मालकाशी एजंटाला वगळून बोललो, माणूस सरळ वाटला, तो म्हणाला फ्रीहोल्डचा अर्ज मी केला नाही पण तुम्ही खरंच घेणार असाल तर करतो, खर्च अर्धा अर्धा. हे बरोबर आहे का?

दस्तवाला_परतवाडा

खर्च अर्धा अर्धा ठीक आहे पण तुमचा अर्धा आज द्यायचा नाही. साध्या शब्दात करारनामा करा की फ्रीहोल्डचा आदेश त्याच्या नावानं निघाला आणि आखीव पत्रिकेवर नोंद झाली की मगच सौदा पुढे जाईल आणि तुमचा हिस्सा शेवटच्या रकमेत धरला जाईल, अमुक मुदतीत नाही झालं तर दोघंही मोकळे. हा करार पण नोंदवून घ्या. त्याला घाई नसेल तर तोपर्यंत पुढच्या मे महिन्यात त्याच घराच्या खोल्या भाड्यानं मागा, पाण्याचं आणि गळतीचं तिथेच कळेल. आखीव पत्रिका काढली की मला मेसेजमध्ये पाठवा, सत्ताप्रकार आणि शेवटचे दोन फेरफार नीट वाचता येतील असा फोटो घ्या, मी पाहून सांगतो.